दोनशे बारा नंबरचं कार्ड

क्लच दाबायला डावा पाय लागतो. माझ्या वडिलांच्या डाव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं कापली तेव्हा मी बारावीला होते. ते फुलंब्रीहून शहरापर्यंत काळी-पिवळी चालवायचे. जीप मालकाची होती. मालकानं दोन महिने वाट पाहिली आणि तिसऱ्या महिन्यात किल्ली दुसऱ्याला दिली. मालकाला बोल लावता येत नाही. आई मग अद्रक धुवायच्या कामाला जायला लागली. दिवसभर गाळाच्या पाण्यात हात घालून अद्रकाचे गड्डे घासायचे आणि बोटांची आग होते म्हणून रात्री खोबरेल चोळून झोपायचं. त्या वर्षी घरात दूध येणं बंद झालं. माझ्या फॉर्मची फी मामानं भरली, आणि मामीनं ती वर्षभर ऐकवली.

वडिलांना साखर होती हे आम्हाला ठाऊक होतं. रिपोर्टांची एक कॅरीबॅग होती, ती खुंटीला टांगलेली असायची. कधी फुलंब्रीत तपासलं, कधी शहरात, कधी शिबिरात. ज्यानं त्यानं समोरचा एक कागद पाहिला, गोड कमी करा म्हणाला आणि गोळी लिहून दिली. बोटं गेल्यावर एका दुपारी मी ते सगळे कागद फरशीवर तारखेप्रमाणं मांडले. चार वर्षं आकडा चढतच होता. मी किती तरी वेळ त्या कागदांकडं बघत बसले. हे कुणी बघायला पाहिजे होतं, डॉक्टरनं, वडलांनी, की मी, हे मला कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही.

मी बीएस्सी झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आईकडून नाही, वडलांकडून नाही. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

शहरात सिडकोच्या बाजूला एक जुना दवाखाना आहे. तिथले मोठे डॉक्टर चाळीसेक वर्षं प्रॅक्टिस करत होते. त्यांची मुलगी एमडी होऊन आली, तिला सगळे मॅडम म्हणायचे. मॅडम सकाळी बसायच्या, मोठे डॉक्टर संध्याकाळी. मॅडमनी साखरेच्या पेशंटसाठी कंप्युटरवर एक सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते चालवायला त्यांना माणूस पाहिजे होतं.

"कंप्युटर येतं का?" त्यांनी विचारलं.

"एमएस-सीआयटी केलंय," मी म्हणाले.

"ते नव्हे. येतं का?"

"येतं," मी म्हणाले. तोपर्यंत मला फक्त टायपिंग येत होतं.

सॉफ्टवेअर तसं अवघड नव्हतं. प्रत्येक पेशंटचं एक पान. नाव, वय, स्त्री की पुरुष, मोबाईल नंबर. खाली साखरेचे आकडे टाकायचे की त्याची रेघ आपोआप निघायची, वर-खाली जाणारी. पेशंटच्या नावापुढं एक गोल यायचा. साखर ताब्यात असली तर हिरवा, थोडी वर असली तर पिवळा, फारच असली तर लाल. डोळे तपासून वर्ष झालं, पाय बघून वर्ष झालं, की तेही सांगायचं. हिरवा गोल आला की पेशंटच्या मोबाईलवर तसा मेसेज आपोआप जायचा. मला पहिल्याच दिवशी वाटलं, हीच आमची फरशी. तारखेप्रमाणं मांडलेले कागद. फक्त इथं ते वेळेत मांडले जाणार होते. मी ते काम नोकरी म्हणून धरलंच नाही.

जुनी कार्डं दोन लोखंडी कपाटांत होती. पिवळ्या पुठ्ठ्याची, वर नंबर, नंबराखाली नाव, पत्ता, मोबाईल. आत तारीख, आकडा, गोळ्या. आकडे दवाखान्याच्या कंपाउंडर मामांच्या हातचे. मामा मोठ्या डॉक्टरांबरोबर पहिल्यापासून होते. आतल्या खोलीत बसून बोट टोचून साखर तपासायची, आकडा कार्डावर चढवायचा आणि कार्ड नंबरासकट चिठ्ठीवर लिहायचा, की काम झालं. सकाळची चिठ्ठी ते माझ्याकडं पाठवायचे. संध्याकाळच्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवायचे, त्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचे. कारण दुपारी चारच्या एसटीनं मला फुलंब्रीला परत जावं लागायचं.

मामांना सॉफ्टवेअरचा राग नव्हता. त्यांना त्याचं हसू यायचं.

"भर बाई भर," ते म्हणायचे. "माझं सगळं डोक्यात हाये. तुझ्या डब्याची लाईट गेली का मला हाक मार."

"मामा, तुमच्या डोक्याचा बॅकअप कुठंय?" मी म्हणायचे.

"घरी. बायकोकडं."

तीन महिने मी कार्डं भरली. कार्डावर नाव असेल ते पान उघडायचं आणि आकडे टाकत जायचं. काही आकड्यांखाली मामांनी आडवी रेघ मारलेली असायची. मला वाटलं, काळजीचे आकडे असतील. पण कधी तीनशेखाली रेघ, कधी एकशे दहाखाली. विचारू विचारू म्हणत राहून गेलं. खरं सांगायचं तर पदवीधर बाईनं कंपाउंडरला एवढंसं काय विचारायचं, असंही माझ्या मनात होतं.

दोनशे बारा नंबरचं कार्ड गादीवाल्या चाचांचं. गादी-उशांचं छोटं दुकान, मागं कापूस पिंजायचं मशीन. पन्नाशीचे, सडपातळ, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. महिन्या-दीड महिन्यानं सकाळी यायचे, बोट टोचून घ्यायचे, मॅडमला भेटायचे आणि जाताना माझ्या टेबलावर टकटक करून विचारायचे, "बेटी, माझा दिवा कोणता?"

आणि मला काही केल्या त्यांचा दिवा कळायचा नाही. माणूस समोर असला की आकडा एकशे तीस, एकशे चाळीस. गोल हिरवा. पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळच्या तारेवर दोनशे बाराची चिठ्ठी निघायची, त्यावर दोनशे नव्वद. गोल लाल. पुन्हा सकाळी आले की एकशे अठ्ठावीस. पडद्यावरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसायला लागली. बाकी कुणाची रेघ अशी नव्हती. म्हणजे दोन-चार जणांची होती, पण इतकी नाही.

मी मॅडमना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"सकाळी तपासायला येतात तेव्हा आदल्या दिवशी उपाशी राहतात," त्या म्हणाल्या. "निम्मे पेशंट तेच करतात. परीक्षा असल्यासारखे. संध्याकाळी दुकानातून मध्येच उठून येत असतील, तो खरा आकडा."

"मग खरं कसं कळायचं?"

"तीन महिन्यांची साखर. ती सरासरी असते, एक दिवस उपाशी राहून खाली येत नाही."

तीन महिन्यांची नोंद होती. मागच्याच महिन्यात संध्याकाळच्या चिठ्ठीवर मामांनी लिहिलेली, साडेदहा. ती सातच्या आत हवी. मीच भरली होती. मॅडमनी मान हलवली. आता इन्सुलिनशिवाय भागणार नाही, त्या म्हणाल्या. गोळ्या पुरे झाल्या.

पुढच्या वेळी चाचा आले तेव्हा मॅडमनी त्यांना सांगितलं. ते बाहेर येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसले. हात गुडघ्यांवर.

"बेटी, मी मीठा खात नाय. चाय बी फीकी. इमान से."

"चाचा, कंप्युटर खोटं बोलत नाही. मागच्या महिन्यात दोनशे नव्वद होती."

"माझी? कधी?"

"संध्याकाळी आला होता तेव्हा."

"मी संध्याकाळी येतच नाय. संध्याकाळी गिऱ्हाईक असतं."

मला राग आला. असं तोंडावर खोटं. मी पडदा त्यांच्याकडं वळवला, बोटानं एकेक दाता दाखवला. ते डोळे बारीक करून बघत राहिले. त्यांना वाचता येत होतं, पण त्या रेघेत काय वाचायचं हे त्यांना कळेना. मग हळू आवाजात म्हणाले, "सुई नक्को. आमच्या बिरादरीत ज्याला सुई लागली तो दुकानात परत बसला नाय. पोरीचं लग्न व्हायचंय."

इथं मी जे केलं ते मला लिहायचं आहे. मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. जीप, क्लच, बोटं, आईचे हात, सगळं. कुणाला सांगत नाही ते सांगितलं. "माझ्या वडलांनी वेळेत ऐकलं असतं तर आज गाडी चालवत असते," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं.  चाचा उठले आणि म्हणाले, "ठीक आहे. तू शिकलेली आहेस. तू म्हणतेस तर सोमवारी घेतो."

जे मॅडमना जमलं नाही ते मी केलं म्हणून त्या दिवशी एसटीत मी खिडकीला डोकं टेकून स्वतःवर खूश होते. पण फुलंब्री येईपर्यंत ते एक वाक्य डोक्यात फिरायला लागलं. मी संध्याकाळी येतच नाय. माणूस गोड खाल्ल्याचं लपवतो, ते समजतं. दवाखान्यात आल्याचं कशाला लपवेल? मला जेवण गेलं नाही. आईनं विचारलं काय झालं, तर काय सांगू तेच कळेना. एका पेशंटच्या साखरेचं कोडं पडलंय म्हणून कुणी उपाशी राहत नाही.

शनिवारी मॅडमनी सांगितलं, सोमवारसाठी दोनशे बाराचा वर्षभराचा कागद काढून ठेव. मी प्रिंट काढली. एखादा आकडा चुकला असला तर आपली शोभा नको म्हणून कपाटातलं पिवळं कार्डही काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहायला लागले. आकडे सगळे बरोबर. एकही चूक नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की जेवढे दाते वर गेले होते त्या प्रत्येकाखाली मामांची रेघ होती. एकशे तीस-चाळीसच्या आकड्यांखाली एकही रेघ नाही.

मी कार्ड घेऊन आत गेले. मामा स्पिरिटच्या बाटलीत कापसाचे बोळे भरत होते.

"मामा, ही रेघ कशाची?"

त्यांनी चष्मा वर केला. "कुठली?"

"ही. आकड्याखालची."

"बाईची."

"कोणाच्या बाईची?"

"त्याच्या. गादीवाल्याच्या. ती नाय का येत, बुरख्यात, संध्याकाळी? दुकानावर एकाला बसायला लागतं ना. सकाळी हा येतो तवा ती बसते, ती येते तवा हा बसतो." त्यांनी बोळा दाबला. "घरात एक कार्ड असतंय. घरवाल्याच्या नावाचं. बाईचा आकडा असला का खाली रेघ. हे तर पहिल्यापासून हाये."

 मी स्टुलावर बसले.

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं का?" मामा म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांनाच आता काही तरी कळायला लागलं होतं. "चिठ्ठीवर बी मी रेघ मारतो की. बघत नव्हतीस व्हय?"

मारत होते. तारेवरच्या चिठ्ठ्या मी काढून पाहिल्या. आकड्याखाली रेघ होती. मी रोज ती बघत होते आणि कंप्युटरमध्ये रेघ मारायला जागा नव्हती म्हणून सोडून देत होते.

मग मला सगळं एकदम दिसलं आणि तरी नीट दिसेना. म्हणजे तीन महिन्यांची ती साडेदहा साखर चाचींची. मॅडम बघतात ते चाचांना, पडद्यावरून. मोठे डॉक्टर बघतात ते चाचींना, पडदा न बघता. ज्याची साखर बरी त्याला सोमवारी सुई. जिची वाईट तिचं पान कुठंच नाही. तिचे डोळे, तिचे पाय, सॉफ्टवेअरला ती बाई जन्मलेलीच माहीत नाही. आणि कार्डावर एकच मोबाईल, चाचांचा. सकाळी एकशे अठ्ठावीस भरलं की त्या मोबाईलवर मेसेज गेलेला, तुमची साखर ताब्यात आहे, पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तो घरात कुणी कुणाला वाचून दाखवला असेल?

मी मॅडमकडं गेले. दारात उभी राहून एका दमात सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. त्या कार्ड हातात घेऊन बघत राहिल्या.

"बाबा असं ठेवतात हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून बघितलंय. आणि मला आठवलं नाही." मग माझ्याकडं न बघता विचारलं, "अशी किती कार्डं असतील?"

"सगळीच तपासावी लागतील," मी म्हणाले.

मला वाटलं नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "सोमवारी त्यांना तूच सांग. तूच तयार केलं होतंस ना."

सोमवारी चाचा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. हातात नवा थर्मास. घरी फ्रीज नाही, इन्सुलिन थंडीत ठेवायला लागतं असं कुणी तरी सांगितलं म्हणून तो घेऊन आले होते. त्या थर्मासवरचं स्टिकरही अजून निघालं नव्हतं. मी त्यांना बाकावर बसवलं, कार्ड मांडीवर ठेवलं आणि सांगितलं. की तुमची साखर बरी आहे. की जी वाईट दिसत होती ती चाचींची. की मी दोघांचे आकडे एकाच्या नावावर भरत गेले. की चूक माझी आहे आणि मी तुम्हाला खोटारडे समजले.

त्यांना समजायला वेळ लागला. दोन-तीनदा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या कंप्युटरला वाटलं मी आणि ती एकच?"

"हो."

"तीस साल हो गए शादी को, तिला अजून नाय वाटलं ते." आणि हसले. हसता हसता मध्येच थांबले. "मग तिचं काय?"

"मॅडमनी बोलावलंय. आजच."

"तिच्या पायाला मुंग्या येतात म्हणते. मी म्हटलं मशीनवर बसून येत असतील." ते उठले. थर्मास उचलला, पुन्हा खाली ठेवला. "मोबाईलवर आलं होतं, साखर ताब्यात. मी तिला म्हटलं, बघ, दोघांची ताब्यात. उगाच कशाला जातेस. या महिन्यात ती आलीच नाय."

 

त्या दिवशी मी चारची एसटी सोडली. चाची साडेपाचला आल्या, दुकान चाचांवर सोडून. ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. इतके दिवस ज्यांचे आकडे मी भरत होते त्यांना मी पहिल्यांदा पाहत होते. मॅडम संध्याकाळ असूनही थांबल्या होत्या. त्यांनी चाचींच्या पायांना दोरा लावून पाहिला, डोळे मिटा, लागला की सांगा. डाव्या पायाच्या दोन ठिकाणी चाचींनी सांगितलंच नाही. जखम नव्हती. मी वाकून तळवे स्वतः बघितले. टाचेला भेगा होत्या, पण जखम नव्हती.

मॅडम इन्सुलिनबद्दल बोलायला लागल्या. मी मनात वाक्यं जुळवत होते, यांना कसं तयार करायचं. वडिलांची गोष्ट पुन्हा सांगायची माझी हिंमत नव्हती.

"सुई ना?" चाची म्हणाल्या. "द्या की. मी दिवसभर गाद्यांना सुई घालते, चार बोटं लांब. ही कितीशी?" मॅडमनी दाखवली. चाची माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एवढ्यासाठी बुढ्ढा चार रात्री झोपला नाय?"

मग त्यांनी विचारलं, कंप्युटरमध्ये माझं नाव आहे का. नाही, मी म्हणाले. आता घाल, त्या म्हणाल्या. मी नवीन पान उघडलं. नाव विचारलं, वय विचारलं. वय त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. मोबाईल नंबरला घोडं अडलं. चाचांचा नंबर टाकला तर सॉफ्टवेअर म्हणे हा पेशंट आधीच आहे. चाचींचा स्वतःचा नंबर नव्हता. मॅडम, मी आणि चाची, तिघी त्या चौकोनाकडं बघत बसलो. शेवटी चाचींनी लेकीचा नंबर सांगितला. तिचं लग्न झाल्यावर काय करायचं, मी विचारलं. तेव्हाचं तेव्हा बघू, त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मामा आणि मी बसलो. दुपारी एक ते साडेतीन, कपाट उघडं टाकून. मामा कार्ड हातात घेत आणि डोळे मिटून सांगत. "रेघ एक, ती बायको. रेघा दोन, ती आई. फुली, तो थोरला पोरगा, पण तो आता पैठणला असतो, त्याची फुली बंद." एका कार्डावर तीन रेघा होत्या, तिथं मामाच अडले. सून की नणंद, त्यांना आठवेना. अर्धा तास डोकं धरून बसले. त्यांना इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्या घरी फोन लावला. पलीकडून बाई म्हणाल्या, आम्ही दोघी एकमेकींच्या गोळ्या घेतो, पावसात कोण येतं शहरात. म्हणजे ते आकडे कुणाचे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते आम्ही सोडून दिले आणि दोघींना नव्यानं बोलावलं.

मोठे डॉक्टर एकदा येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी घर बघायचो. घरात कोण काय खातं, कोण कुणाचं ऐकतं. ते यात कुठं भरणार?"   सॉफ्टवेअरमध्ये शेरा लिहायला एक छोटी जागा आहे, तिथं मी आता लिहिते, पती पेशंट क्रमांक अमुक, दुकान दोघं चालवतात, एका वेळी एकच येतो. ते पुरेसं आहे की नाही मला सांगता येत नाही.

हे काम दिवाळीपर्यंत चाललं. आता दवाखान्यात साखरेच्या प्रत्येक माणसाची त्याच्या किंवा तिच्या नावाची फाईल आहे. चाचींची तीन महिन्यांची साखर साडेदहावरून साडेसातवर आली आहे, आणि त्यांचे दोन्ही पाय धड आहेत. चाचांना इन्सुलिन लागलेलं नाही. कार्डांचा गुंता मी आणि कंपाउंडर मामांनी सोडवला.